यंदाचा मे: फसलेली वाळवणं, घरातली छोटी-मोठी नुकसानं, आणि उन्हाळा नक्की कधी संपतो?

माजघर

यंदा, म्हणजे २०२५ साली, मॉन्सून २४ मे रोजी केरळात, २५ मे रोजी गोव्यात आणि तळकोकणात, आणि २६ मे रोजी मुंबईत पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. त्याआधीही मेच्या पहिल्या आठवड्यापासून कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रात वळवाचा पाऊस चालूच होता. ज्या महिन्यात गच्चीवर पाय ठेवता येत नाही, त्या महिन्यात ढग हटेनात.

याचा फटका कुठे बसला ते घराघरात दिसतंय: अर्धवट वाळलेल्या कुरडया, लाल तिखटाला आलेला कुबट वास, भिजलेल्या स्लॅबवर मारलेलं आणि आता पापुद्रे सुटलेलं वॉटरप्रूफिंग, फुगलेली दारं. हा धागा दोन गोष्टींसाठी काढला आहे. एक, आत्ता काय वाचवता येईल आणि काय फेकावं. दुसरी, पुढच्या वर्षी कामं कधी काढायची. त्यासाठी उन्हाळा कुठून कुठपर्यंत धरायचा हेही ठरवावं लागेल. ज्यांना जे पक्कं माहीत आहे, ते मापांसकट लिहा.

खडीसाखर

कुरडयांपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच आहे.

गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, गाळून चीक काढला की तो रात्रभर निवळू द्यायचा आणि वरचं पाणी ओतून टाकायचं. घट्ट चिकाच्या एका वाटीला एक ते दीड वाटी पाणी, मीठ, हिंग. पाण्याला उकळी आली की चीक ओतून सतत घोटायचा. पांढरेपणा जाऊन काचेसारखा पारदर्शक झाला, की लगेच गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. इथवर हवेचा काही संबंध नाही. पुढचे सहा-सात तास मात्र निर्णायक असतात. पहिल्याच दिवशी वरचं अंग कोरडं झालं नाही तर आत ओल कोंडते, चीक आंबतो, आणि दुसऱ्या दिवशी कुरडई उलटताना बोटाला तार लागते. तार लागली किंवा आंबूस वास आला, तर ती परत उन्हात घालून काही उपयोग नाही.

नुसत्या मऊ राहिल्या असतील, वास आणि डाग नसेल, तर वाचतात. खोली बंद करून एसी 'ड्राय' मोडवर ठेवा, पंखा पूर्ण वेगात, कुरडया चाळणीवर किंवा जाळीवर, म्हणजे खालूनही वारा लागेल. प्लॅस्टिकच्या कागदावर ठेवल्या तर खालची बाजू घामेजतेच. एसी नसेल तर ओव्हन ६० अंशांवर, दार दोन बोटं उघडं आणि आतला पंखा चालू. बंद दारामागे वाफ तिथेच फिरते आणि कुरडया वाळण्याऐवजी शिजतात.

काळा, हिरवा किंवा गुलाबी ठिपका दिसला की ती कुरडई टाकायची. पुसून, ऊन दाखवून, तळून चालत नाही. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या कितीतरी आत गेलेले असतात, आणि काही बुरशींची विषं तळणाच्या उष्णतेनंही पूर्ण जात नाहीत. जीव तुटतो, मेहनत डोंगराएवढी असते, पण टाका.

पर्जन्यमापक

वाळण्याचा संबंध तापमानापेक्षा हवेतल्या ओलाव्याशी जास्त आहे. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. 'ऊन तर पडलंय की' म्हणून वाळवण घातलं जातं. पण आर्द्रता ७५-८० टक्के असेल तर पदार्थ एका मर्यादेपर्यंतच वाळतो आणि तिथेच अडकतो. मग चार दिवस ठेवा नाहीतर आठ. संध्याकाळी गच्चीवर राहिला तर उलट ओल धरतो.

एक सोपी चाचणी सांगतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, एक कुरडई खूण करून सकाळी आणि दुपारी मोजा. वजन उतरतंय म्हणजे वाळतेय. वजन थांबलं, पण मोडल्यावर कट्ट आवाज येत नाही, म्हणजे हवेनं हात टेकले. तिथून पुढे एसी किंवा ओव्हनच. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ फार महाग नसतं. ते भर दुपारी सावलीत ४० टक्क्यांच्या खाली जात असेल तरच चिकाचे पदार्थ काढावेत, असं माझं मत.

ओसरी

@खडीसाखर, चीक काढून ठेवला आणि पाऊस आला तर?

खडीसाखर

फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. वर दोन बोटं पाणी हवं आणि ते रोज बदलायचं. त्यापुढे आंबटपणा वाढतो, कुरडई तळल्यावर लालसर होते. गव्हाच्या चिकाची खीर किंवा गूळ-तूप घालून गरम चीक करून संपवून टाका.

आणखी एक. सगळी वाळवणं सारखी नाजूक नसतात. उडदाच्या पापडाला कडक ऊन नकोच असतं, जास्त तापला तर कडा वळतात आणि चिरतो. तो घरात पंख्याखाली उत्तम होतो. म्हणून आभाळ दिसलं की उडदाचे पापड हाती घ्यावेत आणि चीक, साबुदाण्याच्या पापड्या, कोहळ्याचे सांडगे मागे ठेवावेत. बटाट्याचा कीस मधला आहे: तुरटीच्या पाण्यातून काढून, अर्धवट उकडून, सुती कापडावर एकेक धागा सुटा पसरला तर एका कडक दिवसात बराचसा वाळतो. ढीग राहिला तर काळा पडतो.

गच्चीवरची मिरची

तिखटाबद्दल. मिरची वाळली की नाही हे रंगावर ओळखू नये. कानाजवळ हलवली की बी खुळखुळलं पाहिजे आणि देठाकडून मोडताना तुकडा पडला पाहिजे. चामड्यासारखी वाकली तर डंखावर, म्हणजे तिखट कुटायच्या गिरणीत, नेऊ नका. ओलसर मिरची कुटली की ती गरम होते, वाफ सुटते, आणि तिखट डब्यात गेल्यावर आठवड्याभरात गठ्ठे होतात.

यंदा ज्यांची मिरची अशी नरम राहिली त्यांनी लोखंडी कढईत, मंद आचेवर, थोडी थोडी घेऊन गरम करावी. भाजायची नाही, रंग बदलू द्यायचा नाही. हाताला चटका लागेल इतकीच. मग परातीत पसरून पूर्ण गार करायची आणि त्यानंतरच कुटायची. कुटलेलं तिखटही गार झाल्याशिवाय भरू नये. बरणीत तळाला, मध्ये आणि वर हिंगाचे खडे, दाबून भरायचं, आणि रोजच्या वापराचा डबा वेगळा. मोठ्या बरणीत ओला चमचा एकदा गेला की सगळं संपलं.

कुबट वास आलेलं तिखट ऊन दाखवून वापरू नका. मिरचीतली बुरशी तब्येतीला फार वाईट असते.

वायरिंगवाला

कूलरबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. यंदा मेमध्ये अनेकांनी कूलर बिघडला म्हणून दुरुस्तीला माणूस बोलावला. कूलरमध्ये दोष नसतो. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर पाणी उडून हवा साधारण २६ अंशांपर्यंत उतरते. ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत तोच कूलर ३० च्या खाली नेऊ शकत नाही, वर खोलीत दमट हवा भरतो. अशा दिवशी पंप बंद करून नुसता पंखा चालवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी.

आता आवरून ठेवायचा असेल तर टाकी रिकामी करा, तळाचा गाळ काढा, बाजूच्या जाळ्या उतरवून त्यांतला वाळ्याचा (खसचा) किंवा लाकडी काथ्या टाकून द्या (पुढच्या वर्षी नवीनच लागतो), हनीकोंब (पोळ्यासारखं जाळीदार पॅड) असेल तर नळाखाली उलट्या बाजूनं धुवा. पंप उघडून पात्यावरचा पांढरा थर लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून काढा. पुढच्या मार्चमध्ये 'पंप अडकला' म्हणतात तो या थरामुळेच. मग पाण्याशिवाय अर्धा तास पंखा चालवून सगळं कोरडं करायचं आणि झाकायचं. घाईत ओला झाकला की पत्रा तळाशी गंजतो.

पण विदर्भात, मराठवाड्यात लगेच आवरू नका, आणि चालू ठेवलात तर आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं वरून पाणी भरत राहिलं तर टाकीच्या कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: पत्र्याच्या कूलरला तीन पिनांचाच प्लग आणि खरं चालणारं अर्थिंग. घरच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि तिचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबा. बटण दाबल्यावर ती पडली नाही तर ती निकामी आहे. दमट दिवसांत ओल्या हातानं कूलरला, इस्त्रीला, मिक्सरला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर 'थोडासाच झटका आहे' म्हणून सोडू नका. प्लग काढा.

नवतपा

वायरिंगवाल्यांशी पूर्ण सहमत. पुण्या-मुंबईचं पाहून 'उन्हाळा संपला' असं सगळ्या महाराष्ट्राच्या नावानं म्हणू नये, अशी कळकळीची विनंती. आमच्याकडे विदर्भात एप्रिलमध्ये पारा ४४ च्या वर होता. २५ मेपासूनचे नवतपाचे, म्हणजे सगळ्यात तापलेले मानतात ते नऊ दिवस यंदा ढगाळ गेले हे खरं, पण मॉन्सून मेअखेर जो अडकला तो जूनच्या मध्यापर्यंत हललाच नाही, आणि त्या दोन आठवड्यांत उकाडा परत आला. मुंबईत छत्र्या, इकडे कूलर. एकाच राज्यात, एकाच आठवड्यात.

पर्जन्यमापक

हाच मुद्दा ऋतूंच्या व्याख्येकडे नेतो. हवामान खात्याचे चार भाग आहेत: जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मॉन्सूनपूर्व, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मॉन्सून, ऑक्टोबर ते डिसेंबर मॉन्सूनोत्तर. ही विभागणी नोंदी ठेवायला आहे. म्हणून पाऊस मॉन्सूनचा असला तरी ३१ मेपर्यंतचा आकडा मॉन्सूनपूर्व खात्यात जातो. कुलाब्यात यंदा मे महिन्यात २६ तारखेपर्यंतच २९५ मिमी पाऊस झाला आणि १९१८ चा २७९.४ मिमीचा विक्रम मोडला. तो 'मे'चा विक्रम आहे, मॉन्सूनच्या बेरजेत तो पाऊस धरत नाहीत.

मॉन्सून केरळात 'आला' हे ठरवण्याचे नियमही पक्के आहेत. १० मेनंतर, मिनिकॉयपासून मंगळूरपर्यंतच्या ठराविक १४ केंद्रांपैकी ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस २.५ मिमी किंवा जास्त पाऊस. सोबत पश्चिमेचे वारे पुरेशा उंचीपर्यंत आणि वेगानं. आणि ढगांच्या आच्छादनामुळे बाहेर जाणारी उष्णता ठरावीक पातळीखाली. तिन्ही जुळलं की घोषणा. यात कुठेही 'आता ऊन पडणार नाही' असं म्हटलेलं नाही. मॉन्सून पोचल्यावर खंड पडू शकतो, आणि यंदा तो पडलाच.

तुरीचं शेत

ही घोषणा ऐकून पेरणी काढणं हे घरातल्या कुरडयांपेक्षा फार महागात पडतं. म्हणूनच यंदा कृषी खात्यानं मेअखेर घाई करू नका म्हणून सांगितलं होतं. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत वीतभर ओल गेल्याशिवाय सोयाबीन, तूर, कापूस टाकू नये. नुसता वरचा थर भिजला की बी फुगतं, कोंब येतो, आणि पुढचा खंड पडला की जळतो. खुरप्यानं उकरून पाहा, मूठ वळली आणि सोडल्यावर सहज फुटली तर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल. चिखलासारखी चिकटली तर अजून थांबा.

आम्ही ऋतू नक्षत्रावर मोजतो. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. रोहिणीचा पाऊस मशागतीचा, मृगाचा पेरणीचा. यंदाचा मेअखेरचा पाऊस आमच्या हिशेबानं रोहिणीतला, म्हणून नांगरट-कुळवणी सोपी झाली, पण तो पेरणीचा नव्हे. हे गणित धरलं असतं तर कुणाचं बी वाया गेलं नसतं.

ओसरी

पण पंचांगात तर ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म आणि श्रावण-भाद्रपद वर्षा. मग आषाढात कोकण पाण्यात असतं ते कसं?

पर्जन्यमापक

सहा ऋतूंची चौकट सगळ्या भारतासाठी एकच आहे. मॉन्सून उत्तरेत उशिरा पोचतो, तिथे ती बरीच जुळते. कोकणासाठी तीन ऋतूच खरे. शिवाय चांद्र महिने इंग्रजी तारखांच्या मानानं मागे-पुढे होतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मेपासून १५ जूनपर्यंत; म्हणजे निज ज्येष्ठ जूनच्या मध्यानंतर सुरू होईल. 'ज्येष्ठात अमुक करायचं' असं लिहून ठेवलेलं काम पुढच्या वर्षी जवळजवळ वीस दिवसांनी पुढे जाईल. नक्षत्रं सूर्यावर चालतात म्हणून तारखेला घट्ट राहतात. त्यांत एक दिवसाचा फरक पडायला साधारण सत्तर वर्षं लागतात. शेतकरी नक्षत्रावर गेला आणि सणवार तिथीवर राहिले, ते योग्यच झालं.

पाणकोळी

किनाऱ्यावर ऋतू होडीवर ठरतो. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी, आणि समुद्राला नारळ नारळी पौर्णिमेला. त्याआधीचे एप्रिल-मे हे सुकवणीचे दिवस. यंदा वलांडीवर (मासे सुकवायच्या आडव्या दांडीवर) टांगलेले बोंबील ऐन वाळतीला भिजले. भिजलेला बोंबील परत सुकतो, पण पिवळा पडतो, वास बदलतो, माशी बसते, आणि त्याला खाण्याचा भाव येत नाही. खताला किंवा कोंबडीखाद्याला जातो. या नुकसानाची भरपाई कुणी धरत नाही. हे बदलायला हवं.

घरी सुकट-सोडे घेतले असतील तर तव्यावर तेलाशिवाय कोरडे परता, गार करा, हवाबंद डब्यात भरून फ्रिजरमध्ये ठेवा. पावसाळाभर टिकतात. यंदा बरणीत बाहेर ठेवू नका.

कौलारू

कोकणात आगोट हीच उन्हाळा संपल्याची खूण. कौलं परतणं, फुटकी बदलणं, पन्हळी साफ करणं, लाकडं आत घेणं, पडवीला झड लागू नये म्हणून झाप बांधणं. हे सगळं मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात काढायची पद्धत. गोव्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठ्याची, खरेदीही तेव्हाच. यंदा माणसं कौलावर चढायच्या आत शेवाळं धरलं. ओल्या कौलावर कुणाला चढवू नका, एक कौल फुटायचं ते दहा फुटतात आणि माणूस पडतो. आतून, माळ्यावरून जिथे थेंब दिसतो तिथे दोन कौलांच्या मध्ये पत्र्याची पट्टी वरच्या कौलाखाली सरकवून पावसाळा काढा.

स्लॅबवाल्यांसाठी: रसायनाचा कोट मारण्याआधी दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपनं चिकटवून सोळा तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा स्लॅब काळपट झाला, तर थांबा. पाणी आत असताना मारलेला कोट ऊन पडलं की फुगून सुटणारच, मग कंपनी कुठलीही असो. आत्ता करण्यासारखं एकच काम आहे: गच्चीच्या पाइपांची तोंडं रोज साफ ठेवा. बरीचशी गळती साचलेल्या पाण्यामुळे असते.

माजघर

फुगलेल्या दारांचं काय?

कौलारू

रंधा मारू नका. लाकूड रुंदीत फुगतं, हिवाळ्यात परत आक्रसतं, आणि मग तिथून बोट जाईल एवढी फट राहते. घासतंय तिथे मेणबत्ती चोळा, बिजागरीचे स्क्रू घट्ट करा. पुढच्या मार्चमध्ये दार उतरवून वरच्या आणि खालच्या कडेला पॉलिश किंवा रंगाचे दोन हात द्या. सुतार त्या कडा बहुधा कोऱ्या सोडतात, आणि तिथूनच दार ओल पितं.

खडीसाखर

धान्याचंही राहून जायला नको. गहू दाताखाली कट्ट फुटला तरच कोठीत. कडुलिंबाचा पाला पूर्ण सुकलेला हवा, ओला घातला तर ओलच वाढते. डाळींना एरंडेल किलोला अर्धा ते एक चहाचा चमचा, हाताला तेलकट लागेल न लागेल इतकंच. बोरिक पावडर खाण्याच्या धान्यात घालू नका, आणि गोदामात वापरतात त्या धुरीच्या गोळ्या राहत्या घरात कधीच आणू नका. त्यांचा वायू जीवघेणा आहे.

ओसरी

आता यंदाची वाळवणं गेलीच असं समजायचं का? गहू तसाच पडून आहे.

खडीसाखर

नाही. देशावर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा चांगला असतो. मॉन्सून मुंबईतून साधारण ८ ऑक्टोबरला परततो, त्यानंतर आठवडा जाऊ द्या आणि पर्जन्यमापकांनी सांगितलेल्या घड्याळावर दुपारची आर्द्रता पाहून गहू भिजत घाला. दिवस लहान असतो, म्हणून कुरडया पहाटे करून सात-साडेसातच्या आत उन्हात गेल्या पाहिजेत आणि वेढे उन्हाळ्यापेक्षा पातळ, एकावर एक दोनच. चार वाजले की घरात. दव पडायच्या आधी. मेमध्ये दोन दिवसांत होतात तिथे तीन-चार लागतील. आणि पुढच्या वर्षी चिकाची कामं होळी झाली की लगेच काढा, मेची वाट पाहू नका.

नवतपा

नागपूरकडे ऑक्टोबरात सकाळी धुकट असतं, आठशिवाय ऊन लागत नाही. आमच्याकडे मार्चच बरा.